पारंपरिक भाताच्या जाती पुरात कशा तग धरतात? गावरान बियाणं लावलं की पुराची चिंता मिटते का?

नाही मिटत. 'गावरान आहे, पाण्यात टिकणारच' हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता चीड येते. शेंड्यासकट आठवडाभर बुडाल्यावर बहुतेक गावरान जातीही मरतातच. उंच जात आणि पूर सोसणारी जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुडघाभर पाण्यात काही दिवस उभं राहणं बहुतेक भातांना जमतं, कारण खोडा-मुळांतल्या पोकळ्यांतून हवा खाली पोचते. शेंडा बुडाला की खरी परीक्षा. रोपात तयार होणारा इथिलीन वायू पाण्यामुळे बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. साधं रोप या इशाऱ्यावर वर येण्यासाठी भराभर लांबतं, साठवलेली साखर-पिष्ट उधळतं, पानांचं हरितद्रव्य गमावतं. पाणी ओसरलं की लुळं होऊन आडवं पडतं.

ओडिशातल्या धलपुत्तिया या स्थानिक भातातून निवडलेली एफआर १३ए ही जात याच्या नेमकं उलट वागते. तिच्यातला सब१ए जनुक त्याच इथिलीनने जागा होतो, पण रोपाला वाढीच्या जिबरेलिन संप्रेरकाला दाद देऊ देत नाही. रोप लांबतच नाही, साठा राखून पडून राहतं आणि साधारण दोन आठवडे बुडूनही पुन्हा फुटतं. हा जनुक २००६ साली नेमका ओळखला गेला. मूळ जातीचं उत्पादन कमी आणि दाणा सुमार, म्हणून तो संकर आणि पुनर्संकर (पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर) करून स्वर्णा या सुधारित जातीत उतरवला; स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये आली. 'हे जीएम (प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं) आहे' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: परागकण भातावरून भातावरच गेलेत, फक्त कुठलं रोप पुढे न्यायचं ते डीएनए तपासून ठरवलं. गावरान वाण जपा म्हणणारे आणि सुधारित बियाणंच हवं म्हणणारे, दोघांचंही इथे निम्मंच खरं आहे. धलपुत्तिया कुणी राखलंच नसतं तर जनुक आणला कुठून असता? आणि नुसतं राखून कोठार भरलं नसतं.

दुसरी तऱ्हा खोल पाण्याच्या भाताची. बांगलादेशासारख्या प्रदेशातल्या या जाती उलट पळ काढतात: इथिलीन वाढलं की स्नॉर्केल जनुकांमुळे पेरं ताणली जातात, दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत. पण पाणी सावकाश चढणारं हवं आणि रोप महिना-दीड महिन्याचं झालेलं हवं. कोवळं रोप एका रात्रीत बुडालं तर या जातींचाही निभाव लागत नाही.

पूर ओसरला की लगेच युरिया फेकायचा सल्ला देणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. पाणी उतरताच पानांना एकदम ऊन आणि प्राणवायू मिळतो, त्या धक्क्यातून रोप सावरलेलं नसतं. वरून नत्र दिलं की उरलासुरला साठा कोवळ्या फुटव्यात जातो. पाच-सात दिवस थांबा, नवं पान दिसू द्या, मग हप्ता द्या. तोवर खाचरात उतरू नका, चिखलातली मुळं तुटतात. नांगर फिरवायची घाई तर मुळीच नको. पानं कुजलेली असली तरी खोडाचा बुडखा दाबून बघा. घट्ट आणि आतून पांढरट असेल तर चूड जिवंत आहे. मऊ होऊन वास मारत असेल तर गेली. पुराचा धोका असलेल्या शेतात लावणीला २५-३० दिवसांचं दणकट रोप घ्या आणि रोपवाटिकेत नत्राचा हात आखडता ठेवा.

सब१चं कौतुक केलं खरं, पण तो वाढीच्या काळातल्या अचानक पुरासाठीच आहे. पेरलेलं बी पाण्याखाली उगवायचं असेल किंवा फुलोरा बुडाला असेल, तर त्याचा उपयोग नाही. दोन आठवड्यांची मुदतही थंड, नितळ पाण्यातली. पाणी गढूळ आणि कोमट असेल तर गाळ पानावरचा उजेड अडवतो, रोपाचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि हिशेब आधीच संपतो. महिनोन्‌महिने अर्धा मीटर पाणी तुंबत असेल तर न लांबणारी ठेंगणी सब१ जात मार खाते. तिथे उंच, दणकट खोडाची जातच लावा, गावरान असली तरी चालेल. तुमच्या खाचरात पाणी किती चढतं आणि किती दिवस राहतं हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय जातीचं नाव सुचवणार नाही.