गावातल्या पोरांना पर्यावरणावरचा ॲनिमेशन सिनेमा दाखवला तर त्यांना कळतो का?

तुम्ही विचारलंय की शाळेत मुलांना पर्यावरणाचा संदेश असलेला ॲनिमेशन सिनेमा दाखवायचाय पण काही पालक म्हणतात असला सिनेमा म्हणजे दोन तासांचं भाषण, पोरं कंटाळतील, वरून इंग्रजी, खेड्यातल्या पोरांना काय कळणार. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात एका गावात वाचनालय बघतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अंगणात पडदा लावून पोरांना सिनेमे दाखवतो, तर जे बघितलंय ते सांगतो. पोरांना कळतं, चांगलं कळतं, आणि मोठी माणसं तर पोरांपेक्षा जास्त बोलतात असल्या सिनेमावर.

सगळ्यात आधी वॉल-ई दाखवा असं मी सांगेन. २००८ चा पिक्सारचा सिनेमा आहे, दिग्दर्शक ॲण्ड्र्यू स्टॅण्टन, ऑस्करपण मिळालंय. गोष्ट सोपी आहे. माणसांनी पृथ्वीवर इतका कचरा केला की राहायला जागा उरली नाही म्हणून सगळे मोठमोठ्या यानांत बसून निघून गेले, आणि मागे एक छोटा रोबो राहिला जो ७०० वर्षं एकटाच कचरा दाबून त्याचे चौकोनी ठोकळे करून रचतोय. सोबतीला फक्त एक झुरळ. पहिल्या अर्ध्या तासात बोलणं जवळजवळ नाहीच त्यामुळे इंग्रजीची भीती तिथेच संपते, आमच्याकडे तर पहिली-दुसरीची पोरंपण मांडी घालून टक लावून बघत होती.

तो रोबो पडद्यावर आला आणि ठोकळे करायला लागला तसं मागून एक पोरगं मोठ्याने ओरडलं, "आरे हाऊ ते भंगारवाला शे!" आणि तिथून पुढे सिनेमाभर त्याचं नाव भंगारवालाच. आमच्याकडे हातगाडी घेऊन येणारा भंगारवाला पोरांच्या ओळखीचा असतो, जुन्या ठिबकच्या नळ्या, फुटक्या बादल्या, लोखंड, सगळं तो घेऊन जातो आणि पोरांना त्यातून कुल्फीचे पैसे सुटतात. म्हणजे हा रोबो त्यांना अमेरिकेचा वाटलाच नाही, ओळखीच्या माणसाची गोष्ट बघितल्यासारखी त्यांनी बघितली आणि सगळा फरक तिथे पडतो असं माझं मत आहे. पर्यावरण हा शब्द पूर्ण वेळात कोणाच्या तोंडी आला नाही. एका मुलीने मला नंतर विचारलं की इतकी वर्षं तो एकटा होता तर त्याच्याशी कोण बोलायचं. तिला कचऱ्यापेक्षा एकटेपणा लागला होता, आणि दिग्दर्शकाची मूळ कल्पनाही तीच होती बरं का, सगळे निघून गेले आणि शेवटचा रोबो बंद करायचाच राहिला तर काय होईल, कचऱ्याचा विषय त्यातून पुढे आला.

बायकांची प्रतिक्रिया तर मी विसरणार नाही. एका सीनमध्ये त्या रोबोला कचऱ्यात हिऱ्याच्या अंगठीची डबी सापडते, तो डबी उघडतो, बंद करतो, त्याला तो आवाज आवडतो, मग अंगठी फेकून देतो आणि डबी ठेवतो. हे झालं तसं बायकांच्या बाजूने "माय वं!" असा एकदम आवाज आला, एक काकू तर अर्धी उठलीच जागेवरून. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, लग्नात सोन्यावरून काय काय होतं ते आपल्याला माहिती आहे, तिथे अंगठी कचऱ्यात आणि डबी जपून. त्यावर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी चर्चा चालू होती की सगळी माणसंच निघून गेल्यावर सोन्याचं करायचं काय. दोन तासाचं व्याख्यान ठेवलं असतं तर हा प्रश्न निघाला नसता, आणि मला वाटतं सिनेमाचा सगळा अर्थ त्या एका प्रश्नात आला.

शेतकरी वेगळंच बघतात. रोबोला हिरवं रोप सापडतं ते बंद फ्रिजमध्ये, आमचे एक बाबा त्याच्यावरच अडले, "ऊन नही, पानी नही, मंग उगनं कसं?" ते काय शेवटपर्यंत सुटलं नाही. ते रोप जुन्या बुटात लावल्यावर मात्र खूष झाले. आणि शेवटी यानाचा कॅप्टन पोरांना शेती शिकवताना पिझ्झाचं झाड लावू म्हणतो तिथे आमची पोरं इतकी हसली की पुढचं ऐकूच आलं नाही, कारण पिझ्झा बघितलाय सगळ्यांनी आणि झाडपण बघितलंय. उठायची घाई करू नका, शेवटी नावं येतात तेव्हा चित्रांमधून दाखवलंय की माणसं परत येऊन विहीर खणतात, पेरणी करतात, मासे धरतात, ते आमच्याकडे लोकांनी उभं राहून बघितलं.

मधला यानातला भाग थोडा लांबतो हे खरं, बोलणं वाढतं, लहान पोरं चुळबुळ करतात. तिथली माणसं खुर्चीत लोळून दिवसभर स्क्रीन बघतात, चालायचं विसरलेली, जाड झालेली. ह्यावर सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत बोलाबोली झाली होती, काही जण म्हणाले जाड माणसांची चेष्टा केली, काही राजकीय लोक म्हणाले हा प्रचार आहे, आणि अजून काही म्हणाले की जास्त वस्तू घेऊ नका सांगणाऱ्या सिनेमाची खेळणी तीच कंपनी विकते. शेवटचा मुद्दा मला पटतो. लोरॅक्सचंही तेच झालं, झाडं वाचवा सांगणारं १९७१ चं पुस्तक, त्याच्यावर २०१२ ला सिनेमा आला आणि तेच पात्र मोटारगाडीच्या जाहिरातीत, लोक चिडले ते बरोबरच होतं. पण पोरांनी त्यासाठी सिनेमाच बघू नये असं मला वाटत नाही.

आता दिल्ली सफारीबद्दल, कारण हिंदी आहे म्हणून तुमच्याकडे कोणीतरी तो सुचवणारच. २०१२ चा, निखिल अडवाणीचा, ॲनिमेशनचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. बिबट्याच्या पिल्लाचा बाप पहिल्याच भागात मारला जातो, जंगल तोडून इमारती होणार असतात, मग प्राणी दिल्लीला संसदेपर्यंत जातात. पोरांना माकड आणि पोपट जाम आवडले. पण मोठी माणसं? सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसासमोर तुम्ही बिबट्या हिरो म्हणून ठेवताय. आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, केळीला पाणी द्यायला रात्री बाराला बॅटरी घेऊन जावं लागतं आणि केळीच्या बागेत बिबट्या बसला तर दोन हातावरून दिसत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. सिनेमा संपल्यावर एक जण तावातावाने म्हणाला की त्या पिल्लाचा बाप गेला ते दाखवलं, इथे ज्यांचा बाप गेला त्यांचं कोण दाखवणार. त्याच्यावर दुसरा म्हणाला जंगलात त्याला खायला ठेवलं का आपण. हे भांडण नव्हतं, दोघंही खरं बोलत होते, आणि रात्री बराच वेळ ते चाललं, पोरं ऐकत बसली. म्हणून हा सिनेमा दाखवायचा तर नुसत्या पोरांना दाखवू नका, त्यांचे आईबाप बोलवा आणि नंतर बसायला वेळ ठेवा.

"सुधारली का मग पोरं" असं मला लोक विचारतात, तुम्हालाही विचारतील. एक गोष्ट झाली तेवढी सांगतो. केळीच्या घडाला प्लास्टिकच्या पिशव्या घालतात, स्कर्टिंग बॅग म्हणतो आम्ही, घड कापला की त्या बांधावर पडून राहतात, वाऱ्याने उडून बोरीबाभळीला लटकतात. वॉल-ई नंतर पोरांचा खेळ सुरू झाला, पिशव्या गोळा करायच्या, केळीच्या रिकाम्या खोक्यात पायाने दाबायच्या आणि ठोकळा बाहेर काढून रचायचा. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. भिंत चांगली कमरेएवढी झाली. मग पोरांनी ती भंगारवाल्याला दाखवली आणि तो म्हणाला नळ्या घेतो, हे नाही घेत, वजन भरत नाही. पोरांनी घरी विचारलं की मग ह्याचं करायचं काय, आणि घरच्यांकडे उत्तर नव्हतं, बहुतेक जण जाळतातच. ग्रामसभेत हा विषय आता आलाय, पिशव्या पुरवणाऱ्यांनीच परत घ्याव्या अशी मागणी आहे, बघू काय होतं.

तर पालकांना सांगा भाषण नाहीये. मे मध्ये दाखवणार असाल तर आठ नंतरच लावा, त्याआधी उजेड असतो आणि जमीनपण तापलेली असते. सतरंजीआधी पाणी मारून घ्या. आवाज मोठा ठेवा कारण वॉल-ईमध्ये संवादापेक्षा आवाजातच गोष्ट आहे. आणि दुसऱ्या दिवशी 'सिनेमातून मी काय शिकलो' असा निबंध कृपा करून लिहायला लावू नका, आमच्याकडे एका गुरुजींनी तो विषय काढला तर ज्या पोरांचं तोंड बंद होत नव्हतं ती एकदम गप्प झाली.