वाडीच्या वर ओढ्यावर मातीचा लहान बंधारा बांधला तर पूर थांबेल का?

आपल्या प्रश्नात बंधाऱ्याची उंची, लांबी आणि खर्च आहे. सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचा, मात्र शब्दही नाही, आणि म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसलो.

करवीर तालुक्यातील आमच्या गावी डोंगरातून उतरणारा लोंढा थोपवण्यासाठी असाच बंधारा झाला. आलेले पाणी काही काळ धरून ठेवायचे व बेताने सोडायचे, एवढेच त्याचे काम होते, आणि त्यासाठी पावसाळ्यात त्याचे पोट रिकामे राहणे आवश्यक होते. परंतु साठलेले पाणी दिसले की आमच्याकडे प्रत्येकाला आपला ऊस आठवतो. एका सप्टेंबरात थोरल्या चुलत्यांनी सांडव्यात मातीच्या पोत्यांची दोन फूट थप्पी लावून घेतली. मी हरकत घेतली, तेव्हा "पाणी अडवायचं ते सोडायला व्हय रं?" असे त्यांनी भर बैठकीत विचारले आणि सगळे हसले.

परतीच्या पावसात एका रात्री पाणी माथ्याखाली वीतभर येऊन ठेपले. बॅटरी घेऊन मी पायथ्याशी गेलो, तर एरवी निवळशंख येणारा झिरपा चहासारखा गढूळ झाला होता. निवळ झिरपा मातीच्या धरणाला चालतो. गढूळ झिरपा म्हणजे भरावाची माती आतून वाहून चालली आहे. आम्ही चौघांनी कमरेला दोर बांधून पोती उपसली, तेव्हा कुठे पातळी उतरली. ती कोणी काढली, हे चुलत्यांनी आजतागायत विचारलेले नाही.

दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो बहुधा टिकतो, मातीचा मात्र कापत जातो. भुदरगडातील मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, तेव्हा खालची शेती पार खरवडून गेली. त्यामुळे आधी सांडव्याची रुंदी ठरवा, उंचीचे नंतर पाहा. भरावावर झाडे वाढू देऊ नका; वाळलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते.

एक गोष्ट मात्र आधीच विचारायला हवी होती: आपल्याकडे पाणी वरून येते की खालून? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा काठच्या ओढ्यांना फुग येते, म्हणजे नदीचे पाणी उलटे ओढ्यात चढते, आणि तसा पूर असेल तर वरच्या बंधाऱ्याचा काडीचाही उपयोग नाही. वरूनच येत असेल तर जरूर बांधा. पण सांडव्यात पोते ठेवणार नाही, असा ठराव ग्रामसभेत अगोदर करून घ्या आणि त्यावर पहिली सही घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्या.