नकाशा कोणाच्या गळ्यात?

शेफील्डजवळून एकीचं लांबलचक पत्र आलंय. वय ४६. त्यातला हा तुकडा:

"मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, नवऱ्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मला मात्र रविवारी घरात बसवत नाही. एकटीनं डोंगरात जाते म्हटलं की नवरा विचारतो, 'पाय मुरगळला तर कोण उचलणार?' सासूबाई फोनवर म्हणतात, 'आडरानात एकटी बाई?' मागून कुणी पुरुष येताना दिसला की मलाही धडधडतं. गाईंची भीती वेगळीच. वाटेचा तसा प्रश्न नाही. बावीस वर्षं आम्ही दोघं इथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांमध्ये फिरतोय, शिवाय फोनवर ॲप आहेच."

माझ्या मुलीहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी आहेस, म्हणून अगं-तुगं करते. तुझी घालमेल समजते. पण चार काळज्या चवीनं लिहिल्यास आणि पाचवी 'प्रश्न नाही' म्हणून उडवलीस. मला एवढंच सांग, या बावीस वर्षांत नकाशा कोणाच्या गळ्यात होता?

माझ्या तरी नव्हता. आपण सगळ्या इथे इंग्लंडात आलो त्या अशाच. गाडी ते चालवणार, रस्ता ते बघणार, आपण थर्मास आणि डबा घेऊन मागून. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पाकिटातला नकाशा एकोणीस वर्षं ह्यांच्या छातीवर लोंबत होता. ह्यांच्या बायपासनंतर मी पहिल्यांदा एडेल गावाहून एकटी निघाले. जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्या चढून वर किंडर डोंगराच्या पठारापर्यंत अगदी ऐटीत गेले. वर धुकं उतरलं आणि लक्षात आलं, ह्यांच्या पाठीवरची रकसॅक मला पाठ आहे, वाट नाही. पीटच्या, म्हणजे दलदलीच्या मातीच्या, काळ्या घळींमध्ये गुडघाभर रुतले. फोन थंडीनं केव्हाच मान टाकून बसला होता. उतार सापडला तेव्हा डोळे मिटून उतरले, ती पोहोचले पार पश्चिमेला, हेफील्डला. तिथे रेल्वेसुद्धा नाही. बसनं न्यू मिल्स, तिथून ट्रेननं एडेल, आणि गाडीपाशी आले तेव्हा अंधार. ह्यांना अजूनही वाटतं, मी मुद्दाम लांबचा फेरा मारला.

हेफील्डवरून आठवलं. १९३२ च्या एप्रिलमध्ये याच गावातून शेकडो तरुण चालायच्या हक्कासाठी किंडरवर बेकायदा चढले होते, त्यातले पाच तुरुंगात गेले. आज आपण तिथे बिनदिक्कत फिरतो.

तर नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी एक्स्प्लोरर घे, १:२५,००० प्रमाणाचा. तुमच्या भागासाठी ओएल १, डार्क पीक. गुलाबी कव्हरचा १:५०,००० चा नको. त्यावर शेतांच्या भिंती दिसत नाहीत, आणि धुक्यात त्या भिंतीच तुझा हात धरतात. कागदाबरोबर फोनवर उतरवून घ्यायचा कोड मिळतो, तोही वापर, माझं ॲपशी वैर नाही. पण एडेलच्या दरीत रेंज शोधत फिरलीस की माझी आठवण येईल.

आता नीट ऐक. हिरवी तुटक रेषा म्हणजे चालायचा हक्क. जमिनीवर पायवाट दिसेलच असं नाही. काळी तुटक रेषा म्हणजे वाट आहे, हक्क असेलच असं नाही. ह्या एका गोष्टीवरून मी तीन जणींना चुकताना पाहिलंय. होकायंत्रानं उत्तर बघून नकाशा तसा फिरवून धर आणि अंगठा जिथे आहेस तिथे ठेव. भिंत ओलांडली, ओढा आला, की अंगठा पुढे. वेळेचा हिशोब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ सालचा: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. आपल्या वयाला त्यात चहा मिळव.

सराव कसा करायचा? पुढचे तीन रविवार नवऱ्यालाच ने. हाथरसेज ते ग्राइंडलफर्ड, नदीकाठानं, त्याच्या गुडघ्यांना झेपेल. नकाशा तुझ्या हातात, तो दहा पावलं मागे. चुकलीस तरी त्यानं तोंड उघडायचं नाही. आमचे हे बोलले नाहीत, पण प्रत्येक चुकीच्या वळणावर खाकरायचे. शेवटी मी त्यांना शंभर पावलं मागे पाठवलं.

त्याच्या 'कोण उचलणार'चं उत्तरही नकाशातच आहे. ९९९ लाव, पोलीस माग, त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, पाठवायला सांग. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, कुठे आहात? तेव्हा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा आकडा, सांगता यायला हवा, "मोठ्या दगडाजवळ" चालत नाही. क्षीण रेंजमध्ये ९९९ ला मेसेज जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी घरूनच त्याच नंबरला 'रजिस्टर' असा इंग्रजी मेसेज पाठवून नाव नोंदवावं लागतं. आजच पाठव. शिट्टी ठेव: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. आणि निघताना नवऱ्याकडे वाट आणि परतायची वेळ लिहून दे. खरी वेळ, लाजेकाजेनं तासभर आधीची नको.

मागून येणारा पुरुष: भिंतीला टेकून नकाशा उघड आणि त्याला पुढे जाऊ दे. बहुतेक जण 'मॉर्निंग' म्हणून कुत्र्यामागे निघून जातात. एखादा तरीही रेंगाळला, मनाला पटला नाही, तर सरळ मागे फिर, कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस. गाईबरोबर वासरू असेल तर लांबून वळसा घाल, आणि गोमाता म्हणून पाठीवर हात फिरवायला जाऊ नकोस.

सासूबाईंना फोन कर. घरी पोहोचून, बूट काढल्यावर.