लॉगिन स्वतः लिहायच्या फंदात पडू नकोस

परवा बाणेरला चहा घेताना तू म्हणालास, "लॉगिनच तर आहे, दोन दिवसांत लिहून टाकतो." नको लिहूस. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत मी लिहिलं होतं. पासवर्ड बदलायची लिंक एकदा वापरल्यावरही चालायची आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांच्या खात्यांशी असा खेळ नको.

कीक्लोक घे; लॉगिन सांभाळणारा तयार सर्व्हर आहे, मुक्तस्रोत आहे. डॉकरवर, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, 'स्टार्ट-डेव्ह' आज्ञेने (हाच डेव्ह मोड, फक्त करून बघण्यासाठी) चालू कर, ८०८० पोर्टवर उघड. रेल्म म्हणजे युजर आणि ॲप्सचा स्वतंत्र कप्पा; आधीपासून असलेला मास्टर रेल्म कारभारासाठी ठेव आणि स्वतःचा वेगळा रेल्म कर. त्यात एक क्लायंट (म्हणजे तुझं ॲप), एक युजर. पहिल्या दिवशी एवढंच. गूगल लॉगिन, रोल्स, थीम नंतर.

तू अडकशील ते रिडायरेक्ट यूआरआयपाशी, म्हणजे लॉगिननंतर कीक्लोक युजरला परत पाठवतं त्या पत्त्यापाशी. सगळेच अडकतात. शेवटची तिरपी रेघ, एचटीटीपी की एचटीटीपीएस, लोकलहोस्ट की १२७.०.०.१, सगळं अक्षरन् अक्षर जुळायला हवं. वैतागून तिथे नुसती चांदणी (*), म्हणजे 'कुठलाही पत्ता चालेल', टाकावीशी वाटेल. टाकू नकोस, नाहीतर लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता कोड भलत्याच पत्त्यावर जाऊ शकतो.

तुझं रिअ‍ॅक्ट ॲप ब्राउझरमध्ये चालतं, तिथे क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपचा स्वतःचा पासवर्ड, लपत नाही. म्हणून पब्लिक क्लायंट, म्हणजे सीक्रेट नसलेला, ठेव आणि पीकेसीई वापर; त्यात दर लॉगिनला नवी गुप्त खूण बनते, म्हणून चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येत नाही. ॲक्सेस टोकन, म्हणजे लॉगिननंतर ॲपला मिळणारा पास, मुळात ५ मिनिटांचं असतं; ते वाढवत बसण्यापेक्षा नवा पास आणून देणारं रिफ्रेश टोकन नीट हाताळ.

आणि हो, डेव्ह मोडमधला डेटा कंटेनरमध्येच राहतो. कंटेनर काढला की सगळे युजर गेले. पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस लवकर जोड, आणि रेल्मची सेटिंग्ज असलेली जेसन फाईल कोडसोबत गिटमध्ये ठेवताना आधी त्यातली सीक्रेट्स काढ.