कात्री नंतर, आधी ब्लाउज उलटा करून बघा

प्रश्न : ताई, आईनं तिच्या लग्नातला शालूवरचा ब्लाउज मला दिलाय आणि डिसेंबरमध्ये चुलतभावाच्या लग्नात मला तोच घालायचाय. पण छातीत अडीच इंच कमी पडतोय, दंडातही घट्ट होतो. दोन टेलरना दाखवला, दोघंही म्हणाले नवीन शिवून घ्या. खरंच काही होणार नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अहो होईल, बहुतेक होईलच. आधी ब्लाउज उलटा करा आणि बगलेखालची बाजूची शिवण बोटांनी चाचपून बघा, आत किती माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, सोडलीय ते. आईच्या वेळचे टेलर बऱ्याचदा हात सैल सोडून माया ठेवायचे, कारण लग्नातला ब्लाउज मुलगी पुढे बाळंतपणानंतरही घालणार हे त्यांना माहीत असायचं. आता हिशोब बघा. दोन्ही बाजू मिळून कापडाचे चार पदर असतात, प्रत्येक पदरातून फक्त अर्धा इंच सोडला तरी पूर्ण दोन इंच मिळतात! राहिलेला अर्धा इंच हुकांच्या पट्टीतून काढायचा, म्हणजे हुक ज्यात अडकतो त्या आयची जागा तेवढी बाहेर सरकवायची. दंडाचंही तसंच, तिथं एका बाहीला दोन पदर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या इंचानं एक इंच मिळतो.

पण उसवायची घाई करू नका. आधी खालची दुमडपट्टी शिवणीपाशी दोन इंच सोडवा, मग जुन्या टिपेच्या बाहेरून, मायेत, नवीन टीप मारा, अगदी कमरेपासून बाहीच्या टोकापर्यंत एका दमात, आणि ती बरोबर आली की मगच आतली जुनी टीप उसवा. असं केलं की पुढचा-मागचा भाग हलत नाही आणि बगलेत बाहीची शिवण समोरासमोर राहते. बऱ्याच जणी आधी सगळं उसवून बसतात आणि मग बगल जुळत नाही म्हणून रडकुंडीला येतात.

दोन गोष्टी मात्र आधीच बघून घ्या. एक म्हणजे बगलेत मायेला कात्रीनं छोटे कट दिलेत का. दिले असतील तर त्या कटाच्या पलीकडे टीप नेता येत नाही, तिथं भोकच पडेल. दुसरं म्हणजे खाली कडेजवळचे दोन-तीन टाके उसवून बघा. सुती कापड असेल तर पाण्याचा हात लावून नखानं चोळलं की सुईची भोकं बुजतात, पण रेशमावर ती कायमची राहतात, आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं. दंडाखाली दिसत नाही म्हणून मी म्हणेन करा, एवढ्यासाठी आईचा ब्लाउज कपाटात ठेवून देऊ नका.

आणि मायाच नसली तर? मग बगलेपासून खाली कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घाला. कापड साडीचं जे टोक आत कमरेला खोचलं जातं तिथून घ्या, वीतभर गेलं तरी नेसल्यावर कुणाला कळत नाही. रंगही जुळतो, कारण दोन्ही एकाच वयाचे. टेलर नाही म्हणतात ते जमत नाही म्हणून नाही हो, उसवण्यात जेवढा वेळ जातो तेवढे पैसे मिळत नाहीत म्हणून. तो वेळ आपण घरी देऊ शकतो.

प्रश्न : बहिणीला जानेवारीत बाळ होणारे. बाळंतविडा मला हातानं करायचाय, आजीच्या दोन सुती नऊवारी आहेत. पण मला फक्त साधं शिवणकाम येतं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : किती छान! आणि साधं येतं तेवढं पुरतं, गोधडीला धावदोऱ्याशिवाय काही लागतच नाही. नऊवारी साधारण आठ मीटर असते, पण ती सगळीकडं सारखी झिजत नाही. उजेडासमोर धरा, जिथून पलीकडचं दिसतंय तो भाग सोडा, आणि उरलेला दोन्ही हातांनी जरा ताणून बघा, चर्र आवाज आला की तोही सोडा. चांगला भाग गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. दुपट्यासाठी 36 बाय 36 इंचाचे तीन तुकडे काढा, सगळ्यात मऊ तुकडा बाळाच्या अंगाकडं येईल असा ठेवा. फरशीवर पसरून हातानं सुरकुत्या बाहेर सारत जा, मग मोठे कच्चे टाके घालून तिन्ही पदर बांधून घ्या, हे टाळलंत तर शेवटी मध्ये फुगा येतो आणि तो कशानंच जात नाही. मग कडेनं सुरुवात करून चौकोनात चौकोन असा आत आत धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो आणि विरतो. गाठ पदरांच्या आत लपवायची, बाळाची कातडी फार नाजूक असते.

झबल्याला बटणं नकोत, मागं कापडाचे आखूड बंद लावा. कुंचीला मणी, टिकल्या, घुंगरू लावायचा मोह होतो, मलाही होतो, पण ते सुटून तोंडात जातात. सजवायचंच असेल तर काठाची पट्टी लावा किंवा रंगीत दोऱ्यानं साखळी टाका घाला. आजीच्या साडीचा काठ कुंचीच्या कपाळपट्टीवर आला की बहिणीला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

प्रश्न : सासूबाईंची पैठणी घड्यांवर चिरलीय. तिचे बटवे करून संक्रांतीला वाण द्यावं असं मनात आहे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : द्या, फक्त सगळी साडी एकदम कापू नका. चिरलेलं रेशीम रफू करूनही टिकत नाही, टाका घातला की त्याच्या शेजारी फाटतं. म्हणून काठ आणि पदर तेवढे घ्या, तेही चिमटीत धरून तपासून. मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं कापड, लावा, इस्त्री मंद, वर सुती कापड ठेवून. 7 बाय 16 इंचाचा सुती तुकडा घ्या, त्यावर काठ शिवा, मधोमध दुमडून बाजू शिवल्या की पिशवी तयार, तेवढंच अस्तर आत. तोंडापासून दीड इंचावर अर्ध्या इंचाच्या अंतरानं दोन टिपा मारून दोरीची नळी करा, दोन दोऱ्या समोरासमोरून ओवा, म्हणजे दोन्हीकडून ओढली की गच्च बंद होते. सुई 11 नंबरची, नवी. जुनी बोथट सुई जरीचे धागे ओढते. आणि सासूबाई असतील तर पहिला बटवा त्यांना द्या.

प्रश्न : मशीनवर वरून टीप सुंदर येते आणि खाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन तीनदा बदलली. (एक वाचक, सातारा)

उत्तर : बॉबिनचा दोष नाही, वरचा दोरा नीट बसला नाहीये. मशीनचं पाऊल, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली ठेवून दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. वरचा दोरा पूर्ण काढा, पाऊल वर उचला, पुन्हा ओवा, मग पाऊल खाली टाकून दोरा ओढून बघा, हाताला ओढ लागली पाहिजे. शिवताना पहिले तीन टाके होईपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवा. मेकॅनिकला बोलवायच्या आधी एवढं करून मला कळवा.