ब्लॅकमोर रुसलाय की वाजवतोय?

गेल्या अंकात डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडच्या 'मेड इन जपान' ह्या लाइव्ह रेकॉर्डवर चार ओळी लिहिल्या आणि नंतर आलेलं टपाल बघून वाटलं की अर्धा महाराष्ट्र गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरच्या बाजूने आहे नि उरलेला गायक इयन गिलनच्या. बरेच प्रश्न एकाच मुद्द्यावर फिरतायत, की स्टेजवर हे लोक खूश होते का, आणि नसतील तर त्याचा वाजवण्यावर काय परिणाम झाला. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : मेड इन जपान ऐकताना वाटतं की पाच जिगरी दोस्त मस्त धमाल करतायत, पण माझा मित्र म्हणतो की तेव्हाच गिलन आणि ब्लॅकमोरचं फाटायला लागलं होतं. मग हे एवढं भारी वाजलं कसं? का नंतर स्टुडिओत बसून सगळं नीटनेटकं केलं? – एक वाचक, डोंबिवली

स्टुडिओचं आधी उरकतो. नीटनेटकं वगैरे काही केलेलं नाहीये. 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ला ओसाका आणि 17 ला तोक्योचं बुडोकान, अशा तीन रात्री आठ ट्रॅकच्या मशीनवर टिपलेल्या, टिपणारा त्यांचा नेहमीचा इंजिनियर मार्टिन बर्च. लाइव्ह रेकॉर्डचा आग्रह जपानी कंपनीचा होता, बँडला त्यात फारसा रस नव्हता, इतका की मिक्सिंगला फक्त ड्रमर इयन पेस आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर येऊन बसले, बाकीचे तिघं फिरकलेच नाहीत. मूळ रेकॉर्डवरच्या सात गाण्यांपैकी चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची आहेत, म्हणजे त्या रात्री काहीतरी जमून आलं होतं एवढं नक्की.

आता मित्राचं. मित्र बरोबर आहे. 1972 हे साल म्हणजे नुसती वणवण, अमेरिकेच्या फेऱ्यांवर फेऱ्या, त्यात ब्लॅकमोरला कावीळ झाली, त्याच्या आधी गिलनला होऊन गेली होती, विश्रांती नावाला नाही, आणि त्याच डिसेंबरमधे गिलनने मॅनेजमेंटला राजीनाम्याचं पत्र लिहिलं. म्हणजे ही रेकॉर्ड इंग्लंडमधल्या दुकानात आली त्या महिन्यातच गायकाने सोडायचं ठरवलेलं होतं. जून 1973 अखेर गिलन गेला, त्याच्याबरोबर ग्लोव्हरलाही जावं लागलं, आणि त्या दोघांचा त्या खेपेचा शेवटचा शो कुठे झाला माहितीये का, परत ओसाकालाच.

पण माझं म्हणणं असं आहे की मूड चांगला होता की वाईट हे विचारून आपल्या हाती काही लागत नाही, विचारायचं हे की ते एकमेकांचं ऐकत होते का? 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लावा आणि मधला तो भाग ऐका जिथे ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तोच गळ्यातून परत करतो, सरळसरळ सवाल-जवाब, आपल्याकडे सतार-तबल्यात होतो तसा. आधी सोपे तुकडे, मग वाकडे, मग असे वर वर चढत जाणारे की माणसाचा गळा तिथे पोचू नये असाच बेत दिसतो, आणि गिलन पोचतो, आणि पोचल्यावर जी लांब किंकाळी ठोकतो ती ऐकून मला तरी दर वेळी हसू येतं. आता ह्यात दोस्ती आहे की खुन्नस? दोन्ही असेल. ब्लॅकमोरला समोरच्याला अडकवायची खोडच होती आणि गिलन अडकायला तयार नव्हता, पण त्यासाठी दोघांनाही दुसऱ्याचा सूर न् सूर कान देऊन ऐकावा लागतो. जेवणाच्या टेबलावर बोलत नसतील, इथे बोलतायत.

आणि ह्या वेळी ऐकताना गिटार सोडून फक्त पेसवर कान ठेवा. डावखुरा माणूस, हात हलका, ब्लॅकमोर आवाज अगदी खाली आणतो तेव्हा हा जवळजवळ कुजबुजतो आणि वर उडी मारायच्या बरोब्बर आधी एक रोल टाकून दार उघडून देतो. जॉन लॉर्डचं हॅमंड ऑर्गन तर मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेलं, त्यामुळे ते गिटारपुढे दबत नाही, उलट गुरगुरतं. ब्लॅकमोर रुसून बसला तरी गाडं अडत नव्हतं ते ह्या दोघांमुळे, आणि त्यांच्यावर कोणी भांडत नाही ह्याचं मला जरा वाईट वाटतं. बाकी मूडचा पुरावाच हवा असेल तर दोन गाण्यांच्या मधे साउंडवाल्याशी चाललेली ती थट्टा ऐका, सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं करून दे म्हणून. वैतागलेल्या बँडला असलं सुचत नाही.

प्रश्न : कॅलिफोर्निया जॅमच्या व्हिडिओत ब्लॅकमोर कॅमेऱ्यात गिटार खुपसतो आणि मागे स्फोट होतो. आमच्यात दोन गट आहेत. एक म्हणतो खरा राग, दुसरा म्हणतो सगळा आधी ठरवलेला तमाशा. काय खरं? – तीन मित्र, सोलापूर

दोन्ही गटांना अर्धे अर्धे मार्क.

6 एप्रिल 1974, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला ऑन्टारियो नावाची मोटर रेसिंगची ट्रॅक, समोर दोन लाखांच्या वर माणूस. त्याच दिवशी ब्लॅक सबाथ, ईगल्स, अर्थ विंड अँड फायर वाजवून गेलेले, शेवटी इमर्सन लेक अँड पामर. एबीसी टीव्हीचे कॅमेरे सगळीकडे. पर्पलचा हा तिसरा अवतार, गायक डेव्हिड कव्हरडेल आणि बेसवर ग्लेन ह्यूज, दोघंही नवे, कव्हरडेल तर वर्षभरापूर्वी कपड्यांच्या दुकानात काम करत होता. करार असा होता की पर्पल सूर्य मावळताना स्टेजवर जाणार, कारण दिव्यांचा सगळा खेळ अंधारावर अवलंबून. आणि झालं काय, तर कार्यक्रम वेळेच्या पुढे धावायला लागला! रॉक फेस्टिवल वेळेच्या आधी, असं कधी ऐकलंय का तुम्ही. आयोजक म्हणाले आत्ता जा, ब्लॅकमोर म्हणाला अंधार पडल्याशिवाय जात नाही, आणि खोलीत जाऊन बसला. बाहेर धमक्या, विनवण्या, सगळं झालं, हा हलला नाही. ह्या बाबतीत मी शंभर टक्के त्याच्या बाजूने आहे, करारात लिहिलेलं मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

मग स्टेजवर गेल्यावर टीव्हीचा कॅमेरा त्याच्या आणि लोकांच्या मधे घुसायला लागला. तो आधीच तापलेला, त्यात हे. 'स्पेस ट्रकिन'च्या शेवटी गिटार उचलली आणि कॅमेऱ्याच्या भिंगातच भोसकली, एकदा नाही, परत परत. तो राग खरा, त्याचा चेहरा बघा, वेगळं सांगायला नको. पण अ‍ॅम्प्लिफायरवर पेट्रोल काय आपोआप आलं? ते आधी सांगून ठेवलेलं होतं, फक्त अंदाज चुकला, पेट्रोल जास्त पडलं आणि धडाका अपेक्षेपेक्षा मोठा झाला, स्टेजचा एक कोपरा पेटला. त्यानंतर पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून बँडला हेलिकॉप्टरने तिथून हलवलं.

म्हणजे राग खरा आणि पेट्रोल ठरवलेलं. आता ह्यावर परत भांडा.

एक मात्र बघून ठेवा, ही सगळी मारामारी चालू असताना लॉर्ड आणि पेस वाजवतायत, थांबत नाहीत, आणि तो नवखा कव्हरडेल दोन लाख लोकांसमोर बिचकलेला दिसत नाही. तो शो त्यांनी सावरलाय. पण लक्षात राहिला कोण, तर गिटार फोडणारा.

प्रश्न : 1993 च्या बर्मिंगहॅमच्या शोमधे ब्लॅकमोरने पाणी फेकलं म्हणतात. तेही कॅलिफोर्नियासारखंच ना? – एक वाचक, नाशिक

नाही, आणि फरक मोठा आहे.

9 नोव्हेंबर 1993, एनईसी अरीना. व्हिडिओसाठी शूटिंग चाललेलं. बँड 'हायवे स्टार' सुरू करतो आणि गिटारिस्ट स्टेजवरच नाही. चौघं रेटत राहतात, हा मधेच उगवतो, त्याच्या बाजूला कॅमेरावाला दिसतो, हा त्याच्यावर पाणी फेकतो आणि परत गायब. नंतर येऊन वाजवलं त्याने, काही जागी फार सुंदर वाजवलंय, बोटं तीच आहेत. पण 1974 ला भांडण बाहेरच्यांशी होतं, टीव्हीवाल्यांशी, आयोजकांशी, आणि पाचही जण एका बाजूला होते. 1993 ला भांडण घरातलं. 1984 ला मेड इन जपानवालेच पाच जण परत एकत्र आले होते, त्यातून गिलनला 1989 ला काढलं, 1992 ला परत आणलं, ब्लॅकमोरला ते मनातून नको होतं, आणि ह्या टूरवर त्याने सोडून जायचं आधीच सांगून टाकलेलं. त्या रेकॉर्डिंगमधे गिलन एक ओळ टाकतो आणि गिटारकडून उत्तरच येत नाही. वाट बघणारा गायक ऐकणं फार जड जातं. 17 नोव्हेंबरला हेलसिंकीत ब्लॅकमोरचा पर्पलबरोबरचा शेवटचा शो झाला, डिसेंबरमधे जपानचे शो ठरलेले होते ते गिटारिस्ट जो सॅट्रियानीने येऊन निभावले.

प्रश्न : 1975 च्या जपानच्या रेकॉर्डवर टॉमी बोलिन इतका वाईट का वाजतो? त्याचा पण मूड गेला होता का? – एक वाचक, पुणे

मूड नाही हो, हात. ब्लॅकमोर 1975 मधे गेल्यावर अमेरिकन टॉमी बोलिन आला, जबरदस्त गिटारिस्ट, पण ड्रग्जमधे बुडालेला. डिसेंबर 1975 ला बुडोकानच्या शोला त्याचा डावा हात बधिर झालेला होता, बोटं धड दाबली जात नव्हती, आणि गिटारच्या जागा लॉर्डने ऑर्गनवर भरून काढल्या. नेमकी तीच रात्र रेकॉर्ड होऊन 1977 मधे बाजारात आली, तोवर बोलिन जगात नव्हता, डिसेंबर 1976 मधे पंचविशीतच गेला. त्याच्यावर निकाल द्यायचा तर ह्या रेकॉर्डवरून देऊ नका, 'कम टेस्ट द बँड' ऐका. आणि जपानची लावलीच तर लॉर्ड एका हाताने स्वतःचं नि दुसऱ्या हाताने दुसऱ्याचं कसं सांभाळतोय त्याकडे लक्ष द्या.

प्रश्न : माझा काका 1995 ला मुंबईला पर्पल बघून आला आणि अजून म्हणतो की तो बँड बघितला आणि नाही पण बघितला, कारण ब्लॅकमोर नव्हता. माझ्या मते त्याच्या जागी आलेला स्टीव्ह मॉर्स काही कमी नाही. काकाला काय सांगू? – एक वाचक, ठाणे

काकांना आधी नमस्कार सांगा, कारण एप्रिल 1995 चा तो शो बघितलेली माणसं आता शोधून सापडत नाहीत, आणि ते जे बघून आलेत ते त्यांना कळलेलं दिसत नाही. मॉर्स येऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा महिने झाले होते, त्याची पहिली रेकॉर्ड 'पर्पेंडिक्युलर' 1996 ची, म्हणजे बँड नव्याने एकमेकांची ओळख करून घेत असतानाचा तो शो आहे. त्याचा व्हिडिओ निघालेला आहे, काकांना शेजारी बसवून लावा आणि लॉर्डकडे बघायला सांगा. मॉर्स काहीतरी अनपेक्षित वाजवतो आणि लॉर्ड मान वर करून त्याच्याकडे बघून हसतो, मग तेच ऑर्गनवर वळवून परत देतो. दोन वर्षांपूर्वी ह्याच माणसाचं लक्ष बहुतेक घड्याळाकडे असावं.

मॉर्स ब्लॅकमोर आहे का? नाही. ब्लॅकमोर पुढच्या क्षणी काय करेल हे त्यालाही माहीत नसायचं आणि ती धाकधूक त्याच्या वाजवण्यात उतरायची, मॉर्सकडे ती नाही, तो स्वच्छ, नेटका, कधीकधी जरा जास्तच नेटका. पण तो 2022 पर्यंत राहिला, बायकोच्या आजारपणामुळे सोडलं तेव्हा अठ्ठावीस वर्षं होत आली होती, ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून एवढी भरत नाहीत. एवढी वर्षं मॉर्सने बाकीच्यांचा काटा न काढता त्यांना वाजवू दिलं. काका ऐकणार नाहीत, मला माहितीये. ब्लॅकमोरवाले कधी ऐकत नाहीत.

प्रश्न : 'चाइल्ड इन टाइम' आता का वाजवत नाहीत? गिलनचा मूड लागत नाही का? – एक वाचक, बेळगाव

गळा पुरत नाही, साधी गोष्ट. गिलन 1945 चा. ते वरचे सूर विशी-पंचविशीतल्या गळ्याचे, 2002 नंतर त्याने ते गाणं स्टेजवर घेणं बंद केलं. अर्धवट गाण्यापेक्षा न गाणं मला तरी पटतं, लोक त्यावरून शिव्या देतात ते चूक आहे.

आणि बेळगावकर, तुमच्यासाठी एक जास्तीचं. त्या गाण्याची ऑर्गनवरची सुरुवातीची चाल पर्पलची मुळात नाहीच, सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' ह्या बँडची व्हायोलिनवरची एक धून होती, 1969 ची, तीच जरा संथ करून घेतली. त्या बँडनेही मग पर्पलची एक चाल उचलून फिटंफाट केली. त्या मूळ धुनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग', आणि मुंबईच्या 1995 च्या शोचा व्हिडिओ निघाला तेव्हा त्यालाही तेच नाव दिलं.