वाचकांचे प्रश्न : मुठेकाठचं पुणं कसं फिरावं?

प्रश्न : सांगलीहून एसटीने स्वारगेटला उतरणार आहोत. बरोबर गुडघेदुखी असलेली आई आणि दोन मुलं. शनिवारवाडा, ओंकारेश्वर, घाट आणि डेक्कन एका दिवसात बघायचं आहे. दिवसभरासाठी रिक्षा ठरवावी की मेट्रोने फिरावं? भाऊ म्हणतो, माझी कार घेऊन जा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कार भावाकडेच राहू द्या. या भागात गाडी चालवणं एक वेळ जमेल, पण ती लावायला जागा सापडत नाही. पेठांतल्या अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत. विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. पाटी न वाचता लावलेली गाडी उचलून नेली, तर निम्मा दिवस ती सोडवण्यातच जाईल.

दिवसभराची रिक्षाही नको. इथल्या ठिकाणांमधली अंतरं पायी दहा-पंधरा मिनिटांची आहेत. रिक्षाला मात्र एकेरी रस्त्यांमुळे वळसे घ्यावे लागतात. बाजीराव रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे येतो आणि शिवाजी रस्ता उलट दिशेने जातो. नदीपलीकडे जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे जातो, तर फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून निघतो. त्यामुळे बालगंधर्व रंगमंदिरापाशी उभं राहून शिवाजीनगरची रिक्षा केली, तर ती आधी डेक्कनला जाऊन उलटी येते. यात रिक्षावाल्याची लबाडी नाही. त्याला दुसरा रस्ताच नाही.

मुठेमुळे या भागाचे दोन काठ झाले आहेत. उजव्या काठावर पेठा, डाव्या काठावर शिवाजीनगर आणि डेक्कन. म्हणून नदी कोणत्या पुलावरून ओलांडायची हे आधी ठरवा, वाहनाचं नंतर बघा. तुमच्यासाठी बालगंधर्व पूल सोयीचा आहे. क्रम असा ठेवा :

स्वारगेटला भुयारी मेट्रो पकडा. पुढचं स्थानक मंडई, त्याच्या पुढचं कसबा पेठ. तिथे उतरा. सिव्हिल कोर्टपर्यंत (स्थानकाचं आताचं नाव ‘जिल्हा न्यायालय’) जाऊन गाडी बदलून महापालिकेच्या स्थानकावर उतरलात, तर शिवाजी पूल चालत ओलांडून परत मागे यावं लागेल. नकाशावर हा रस्ता सोपा दिसतो, पण आईंच्या गुडघ्यांना तो महागात पडेल. (शिवाजी पुलाला जुने लोक आजही ‘नवा पूल’ म्हणतात. तो १९२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पुण्यात नव्याचं जुनं व्हायला शंभर वर्षंही पुरत नाहीत.)

कसबा पेठेतून कसबा गणपती, लाल महाल आणि शनिवारवाडा रमतगमत पाऊण तासात होतात. वाड्याच्या आतला वेळ वेगळा धरा. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आता चौथरे, हिरवळ आणि तट उरले आहेत, सावली फार नाही. म्हणून वाडा ऊन तापायच्या आत उरका. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्याच्या पायऱ्या उंच आहेत. मुलांना वर जाऊ द्या, आई खाली बसतील.

तिथून ओंकारेश्वर सपाट रस्त्याने. देवळाच्या आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे, ती चुकवू नका. आईंनी देऊळ बघावं, घाट मात्र वरूनच बघावा. दगडी पायऱ्यांची उंची सारखी नाही, कठडा नाही, आणि पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. दहा पायऱ्या उतरून झाल्यावर परतीचा विचार करण्यात अर्थ नाही.

मग बालगंधर्व पुलावरून पलीकडे, रंगमंदिराला वळसा घालून संभाजी उद्यान, आणि उद्यानाच्या मागे नदीकाठी मेट्रो स्थानक. वाड्यापासून इथवर साधारण दीड किलोमीटर. उद्यानात तासभर टेका. डेक्कनला जायचं तर पुढच्याच स्थानकावर उतरा. ही दोन्ही स्थानकं नदीपात्राच्या कडेला उभी आहेत आणि त्यांच्या छतांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे. या टप्प्यात वनाजकडे, म्हणजे डेक्कनच्या दिशेने, जाताना डाव्या दाराशी उभं राहा, परत येताना उजव्या. नदी आणि पलीकडच्या पेठा त्याच बाजूला दिसतात. मेट्रोची बाकं भिंतीला लागून आहेत. बसलात तर नदीकडे पाठ होते.

परतीला सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आहे. वनाज–रामवाडी मार्ग वर उन्नत आहे. स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर येते. सरकत्या जिन्यांच्या नादी न लागता लिफ्टच्या पाट्या शोधा आणि या बदलासाठी पंधरा मिनिटं राखून ठेवा. पुढे सिव्हिल कोर्ट ते कसबा पेठ गाडी मुठेच्या खालून जाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

रिक्षा एकाच वेळी करा : आई थकल्या तर ओंकारेश्वरपासून थेट स्वारगेटला. मीटर टाकायला सांगा. ॲपवरून बोलवत असाल तर पिन कोणत्या काठावर पडली आहे ते नीट बघा. नदीकाठी मोबाइल बरेचदा समोरचा काठ दाखवतो. मग चालक पलीकडे उभा, तुम्ही अलीकडे, आणि पूल पार करून त्याला यायला वीस मिनिटं लागतात.

प्रश्न : कोथरूडला राहते. रविवारी सकाळी सायकलने नदीपात्रातल्या रस्त्याने फिरायचं आहे. गिअर नसलेली सायकल चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पात्रातला रस्ता सपाट आहे, तिथे बिनगिअरची चालेल. दम लागतो तो पात्रातून वर पेठेत चढताना. ते चढ आखूड पण तीव्र आहेत. तिथे उतरून सायकल ढकलायला लाजू नका. झेड ब्रिज फक्त दुचाक्या आणि पादचाऱ्यांचा, म्हणून सायकलला तो बरा. पण उतारावर वेग वाढतो आणि वळणावर समोरची दुचाकी दिसत नाही. दोन्ही ब्रेक आधीच तपासा.

टायर अगदी बारीक नको. ड्रेनेजच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील, तर बारीक चाक त्यात अडकतं. जाळी शक्यतो तिरपी ओलांडा. पूर ओसरल्यावर पंधरा दिवस तरी या रस्त्यावर जाऊ नका. वाळलेल्या गाळाखाली काचा आणि तारा असतात, आणि गाळ ओला असला तर चाक घसरतं. सकाळी आठच्या आत परत फिरा. नंतर तिथे पार्किंगसाठी येणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. संध्याकाळी जाणार असाल तर उन्हाळ्यात जलपर्णी आणि डास यांची तयारी ठेवा.

प्रश्न : शहरात पाऊस नव्हता, तरी भिडे पूल पाण्याखाली गेला आणि नदीपात्रात लावलेली माझी दुचाकी भिजली. हे आधी कसं कळणार?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : शहरातल्या आभाळाकडे बघून ते कळत नाही. पाऊस वर मावळात पडतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरतात. त्यात शेवटच्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. वरची धरणं भरली की सगळं पाणी या छोट्या भांड्यात येतं, आणि ते लगेच नदीत सोडावं लागतं. भिडे पूल पात्रात अगदी खाली बांधलेला आहे, म्हणून सगळ्यात आधी तोच जातो.

जलसंपदा विभाग विसर्गाचा आकडा आणि वेळ आधी जाहीर करतो. आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. जुलै ते सप्टेंबर एवढं पाळा : खडकवासला भरत आल्याची बातमी आली की पात्रात गाडी लावू नका, आणि ‘विसर्ग वाढवणार’ असं कानावर आलं की लावलेली गाडी त्याच क्षणी वर काढा. रात्रभर तर कधीच ठेवू नका, विसर्ग मध्यरात्रीही वाढतो. गाडी भिजलीच असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी इंजिनात गेलं असेल तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचं नुकसान होतं. आधी एअर फिल्टर, प्लग आणि ऑइल मेकॅनिकला बघू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

प्रश्न : बंडगार्डन आणि आगाखान पॅलेस एकाच फेरीत होईल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : होईल. पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे रामवाडीची गाडी. बंडगार्डनला उतरून १८६७ चा फिट्झगेराल्ड पूल बघा, मग पुन्हा मेट्रोने कल्याणीनगर आणि तिथून रिक्षा. बंडगार्डन ते येरवडा या टप्प्यात गाडी मुळा-मुठेवरून जाते. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. बरेच जण दालनं बघून तिथूनच परत फिरतात.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला नातेवाइकांना घाटांवरचं विसर्जन दाखवायचं आहे. कुठे गाडी लावू?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : कुठेही नाही.